फळीवर न मावलेली वही

१

मृत्यूंची एक नोंदवही गहाळ झाली, हे भिंगबाईंना कागदावर आधीच कळलं होतं. ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे मात्र कळलं खिडकीपुढच्या रांगेत.

मुख्य कचेरीतून कुठलंही दप्तर तपासायला निघाल्या की त्या आधी साहेबांच्या खोलीत जात नसत. चारचौघांसारख्या रांगेत उभ्या राहत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, खांद्याला कापडी पिशवी आणि उजव्या गुडघ्यात कायमची कळ. भिंगावरून लोकांनी ठेवलेलं नाव त्यांनी केव्हाच आपलंसं केलं होतं. त्या भिंगातून चोरांपेक्षा औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरंच जास्त दिसली होती, पण हे त्या कुणाला सांगायला जात नसत.

त्यांच्या पुढे बस-कंडक्टरच्या गणवेशातली एक धिप्पाड बाई उभी होती.

"वही जागेवर नाही," खिडकीमागचा तरुण कारकून म्हणाला.

"मग दुसऱ्या जागेवर असेल. बघा की जरा उठून."

"मावशी, किती वेळा सांगू? वही चोरीला गेलीय. वर कळवलंय मी. तपास होईल, मग बघू."

"आधी शिक्का नव्हता, मग साहेब नव्हते, आता वहीच नाही. पुढच्या खेपेला येईन तेव्हा निदान कचेरी तरी ठेवा जागेवर!"

रांगेत हशा पिकला. कारकुनाचे कान लाल झाले. "पुढचे कोण? पुढं या."

"पुढं या कुणाला सांगतोस रे? सगळी नोकरी लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणण्यात गेली माझी. आणि आज माझंच घोडं अडलंय तुझ्या खिडकीत..." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ती वळली आणि तोंड पुसत व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

भिंगबाईंनी रांग सोडली आणि तिच्या शेजारी बसल्या. "कुणाची नक्कल हवीय तुम्हाला?"

"धाकट्या बहिणीची. म्हणजे तिच्या मृत्यूच्या नोंदीची. सही-शिक्क्याची हवी, साधी चालत नाही म्हणतात."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बहीण जाऊन काही वर्षं झाली होती. तिच्या मुलीला बापानं वाढवलं. आता बापही गेला आणि पोरगी बालगृहात आहे. मावशी तिला घरी न्यायला तयार, पण कोर्टाला पुरावा हवा.

"बापाचा दाखला लगेच मिळाला. आईचा अडलाय. बाई, आमच्या घरातले कागद पाण्यात गेले, आणि बहिणीचा जन्म कधी नोंदवलाच नव्हता. आता माझ्या बहिणीच्या आईबापांची नावं जगात एकाच ठिकाणी लिहिलेली आहेत, त्या नोंदीत. मीच सांगून लिहून घेतली होती, रडत रडत. नोकरीसाठी दिलेल्या माझ्या जन्मदाखल्यावर तीच नावं आहेत. ते दोन कागद शेजारी ठेवले की आम्ही बहिणी. नाही ठेवले तर मी कोण? कुणीतरी बाई."

"तारीख कधी आहे?"

"उद्या सकाळी. कागद नसला तर पोरीला दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवणार आहेत. तिनं आपली पिशवी भरून ठेवलीय. कुठं जायचंय ते तिला ठाऊक नाही. तरी रोज उघडून पुन्हा नीट भरते म्हणे."

भिंगबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "इथंच बसा. घरी जाऊ नका. ज्या तपासाचं तो पोरगा सांगत होता ना, तो तपास म्हणजे मी."

२

दप्तरखान्याच्या दाराशीच दप्तरकारकुनाचं टेबल होतं. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत, कारण संध्याकाळी कुलूप लावलं की ते ओढून बघत, चार पावलं गेले की परत येऊन पुन्हा ओढत. माणूस वाळका, दाढी घोटून केलेली आणि वागण्यात कमालीचा अदबशीर.

"या, या बाईसाहेब. बसा. आधी कळवलं असतंत तर..." असं म्हणत त्यांनी हात जोडले, पण ते जागचे उठले नाहीत. एवढा अदबशीर माणूस उठत कसा नाही, हे भिंगबाईंच्या मनात टोचलं. खुर्चीत उशी घेऊन बसलेल्या कुलूपकाकांचे गुडघे टेबलाच्या खणाला घासत होते आणि पावलं जमिनीला धड टेकत नव्हती.

"पाठ धरलीय," काका आपणहूनच म्हणाले.

"माझा गुडघा धरलाय. बसा तुम्ही."

खिडकीवाला कारकून किल्ल्या वाजवत पुढे झाला. आत वह्या ठेवायचे लोखंडी घोडे ओळीनं उभे होते. एका ठिकाणी छताला ओलीचा मोठा डाग पडला होता.

"इथं वरचा नळ फुटला," तो सांगू लागला. "मृत्यूंची ही एक फळी पूर्ण भिजली. भिंतीपलीकडे जन्मांची खोली आहे, ती माझ्या ताब्यात. तिथलीही एक फळी भिजली. सगळं तळघरात बांधणीला गेलं आणि नव्या पुठ्ठ्यात बांधून आलं. मी केव्हाचा ओरडतोय की हे सगळं संगणकात चढवा. नव्या सालांचं झालंय, जुन्यांचं कुणी मनावर घेत नाही. आता बसा बोंबलत."

"परत आलेल्या वह्या कुणी लावल्या?"

"इथल्या कुलूपकाकांनी. पलीकडच्या मी."

"मोजून घेतल्या आणि मोजून लावल्या," बाहेरून काकांचा आवाज आला. "सही आहे माझी."

भिंगबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. काळे नवे पुठ्ठे, पाठीवर डकवलेल्या सालाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक वहीच्या पाठीतून वरच्या बाजूला दोऱ्याच्या दोन इवल्या शेपट्या डोकावत होत्या. एकीच्या दोन्ही लाल, दुसरीच्या दोन्ही पिवळ्या, तिसरीच्या काळ्या. बाईंनी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. जोड्या सगळ्या जुळत होत्या. सालं मात्र जुळत नव्हती. मधलं एक साल नव्हतं.

"आणि चोर बघा किती बेरकी," कारकून म्हणाला. "वही काढली, पण खिंडार नाही ठेवलं. बाकीच्या सरकवून सारख्या केल्या. फट सुद्धा नाही."

बाईंनी शेवटच्या वहीच्या कडेला बोट घालून पाहिलं. नख शिरेना. मग त्यांनी खालच्या फळीवरच्या न भिजलेल्या जुन्या वह्या पाहिल्या. त्यांचे पुठ्ठे पातळ, बिस्किटाएवढे. नवे चांगले जाडजूड. पिशवीतून टेप काढून त्यांनी दोन वह्यांच्या पाठी मापल्या, फळीची लांबी मापली आणि ओठ हलवत मनातल्या मनात हिशेब केला.

"सरकवून सारखं करायला आधी सैल असावं लागतं ना रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे या फळीवर पूर्वी जेवढ्या वह्या मावायच्या तेवढ्या आता मावणारच नाहीत. नव्या पुठ्ठ्यांनी सगळ्यांची अंगं सुटलीत. ही फळी आत्ताच ठासून भरलीय. तुझी हरवलेली वही आणून दिली तरी ती इथं जायची नाही. घालून दाखव कुठलीही."

कारकुनानं खालची एक वही उचलली, ढोसून पाहिली, गुडघा लावून ढोसून पाहिली आणि घाम पुसत बाजूला झाला.

"मग... चोरली कुठून?"

"तेच तर. या फळीवरून काही चोरीला गेलेलं नाही," भिंगबाई म्हणाल्या. "ती वही बांधून आल्यावर या फळीवर चढलीच नाही."

आणि बाहेर टेबलाशी बसलेला माणूस सांगत होता, मोजून लावल्या.

३

"माझं ऐका बाई," जिन्यापाशी आल्यावर खिडकीवाला कारकून हळूच म्हणाला. "त्या घाईवाल्याला धरा. परवाच तो दप्तरखान्यातून बाहेर पडताना दिसला मला. त्याचं काय काम आत?"

घाईवाला म्हणजे कचेरीच्या दारात छोटं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा गडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला "घाई असेल तर सांगा, करून देऊ" म्हणायची त्याला सवय. बाई समोर येताच त्याने तेच म्हटलं.

"घाई आहे," बाई म्हणाल्या. "वही कुठाय?"

"हात्तिच्या! म्हणजे तुम्हीच त्या." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "बाई, या वह्या म्हणजे माझी दुभती गाय. गाईला कुणी खाटकाकडे नेतं का? वही गेल्यापासून धंदा बसलाय. लोक विचारतात, आमच्याही आजोबांची गेली का हो?"

"आत कशाला गेला होतास?"

"छत्री विसरलो होतो. कुलूपकाकांना विचारा. त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं, मी उचलली." मग डोळे बारीक करून तो म्हणाला, "तेच जरा नवल वाटलं. पूर्वी काका स्वतः उठून आणून द्यायचे. वर दोन मिनिटं ऐकवायचे की वस्तू सांभाळाव्या माणसानं."

"पाठ धरलीय त्यांची."

"असेल. पण दुपारचा चहा घेऊन तळघराचा जिना टणाटण उतरतात. दोन हातांत दोन पेले. तेव्हा पाठ सुटते वाटतं."

"तळघरात कोण आहे?"

"बांधणीवाले. दोघं जुने दोस्त. एक वर बसून वह्या राखतो, एक खाली बसून वह्या बांधतो. आणि हल्ली चहाला उतरताना काका मधल्या दाराला कुलूप लावून जातात. दिवसाढवळ्या! आधी नुसतं ओढून घ्यायचे. काय एवढं सोनं ठेवलंय त्या टेबलाशी, देव जाणे."

भिंगबाईंनी जिन्याकडे पाहिलं. गुडघा नको म्हणत होता. त्या उतरायला लागल्या.

४

तळघरात खळीचा आंबट वास भरला होता. दाबयंत्राखाली एक वही आवळून ठेवलेली, पाटावर सुया, मेण, पुठ्ठ्यांच्या पट्ट्या. वर एकच दिवा आणि तोही पिवळा. भिंतीवर खिळ्यांना दोऱ्याची रिळं टांगलेली.

बांधणीवाले काका उठून उभे राहिले. फावड्याएवढे हात आणि डावा डोळा दुधासारखा. उजव्यावरही साय धरू लागली होती.

"येत्या आठवड्यात डोळ्याचं करायचंय," ते म्हणाले. "आधी हा, मग तो. कचेरीच्या आजारपणाच्या फंडातून होतंय. डॉक्टर म्हणाला, नव्यासारखं दिसेल. मी म्हटलं, नवं असताना कसं दिसत होतं ते कुणाला आठवतंय!" ते स्वतःच हसले. "चहा घ्या. आत्ताच आलाय. निळा पेला तुमचा, हिरवा माझा. हिरव्याचा काठ उडालाय, ओठाला लागेल."

त्यांनी पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि ओठाला लावताना थांबल्या. काठ उडालेला होता.

त्या दुसऱ्या बाजूनं प्यायल्या.

"एवढ्या वह्या एकदम आल्या. गोंधळ नाही झाला?"

"आपली एक रीत आहे ना. वही सोलली की पानांचा गठ्ठा एकीकडे, पुठ्ठा एकीकडे. सोलायच्या आधीच दोघांना एका रंगाचा दोरा बांधायचा. पुठ्ठा कुजला असला तर त्यावरची चिठ्ठी नव्यावर डकवायची, दोराही नव्याला. मग केवढा का ढीग होईना, नवराबायकोची चुकामूक नाही. दोन्ही दोऱ्यांच्या शेपट्या मी पाठीतच ठेवतो. माझी सही म्हणा की!"

"पण चिठ्ठीवर साल असतंच की लिहिलेलं. दोरा कशाला लागतो?"

काका वळले आणि खळीचं भांडं उगाचच ढवळू लागले. "असतं. पण दोरा बरा."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "जरा एवढं वाचता? माझा चष्मा राहिला वर."

"माझाही वरच राहिलाय," काका भांड्यात बघत म्हणाले.

त्यांच्या नाकावर चष्म्याचा वळ कधी उठल्याची खूण नव्हती.

"बरं, राहू द्या. मला एक हिरव्या दोऱ्याचा तुकडा द्याल? पिशवीचा बंद तुटायला आलाय."

"हात्त, त्यात काय!" काकांनी भिंतीवरचं एक रीळ चाचपलं, दिव्याकडे धरलं, दात लावून तुकडा तोडला आणि बाईंच्या हातावर ठेवला. "घ्या, हिरवागार."

बाईंनी मूठ मिटली. "सगळ्या वह्या परत केल्यात ना?"

"शपथ घेऊन सांगतो. एकही मागं ठेवली नाही. मृत्यूंच्या माझ्या दोस्ताच्या हातात दिल्या, जन्मांच्या त्या खिडकीवाल्या पोराच्या." काकांचा आवाज हलला. "बाई, मी वही हरवली असं म्हणतात का वर?"

"अजून कुणी काही म्हणत नाही."

जिना चढून त्या उजेडात आल्या. व्हरांड्यात मावशी तशीच बसली होती, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. भिंगबाईंनी मूठ उघडली. दोऱ्याचा तुकडा आकाशासारखा निळा होता.

"मावशी, चला माझ्याबरोबर."

"सापडली वही?"

"तुमची बहीण कुठं आहे ते कळलं. मृत्यूंच्या खोलीत नाही ती," भिंगबाई म्हणाल्या. "जन्मांच्या खोलीत आहे."

५

जन्मांच्या खोलीत खिडकीवाला कारकून, घाईवाला आणि मावशी एवढे जमले. घाईवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो होता. कुलूपकाकांनी पाठीचं कारण सांगून निरोप पाठवला. बाई म्हणाल्या, हरकत नाही, त्यांच्याकडे आपणच जाऊ.

"इथं काय मिळणार?" कारकून कुरकुरला. "माझी फळी पूर्ण आहे. एकूण एक साल जागेवर. ही फळी लांब आहे, सगळ्या आरामात बसल्या."

"उघडून बघितल्यास?"

"पाठीवर साल आहे ना. उघडायचं काय त्यात?"

भिंगबाईंनी भिंग लावलं आणि वह्यांच्या डोक्यावरून हळूहळू सरकत निघाल्या. "लाल, लाल. पांढरा, पांढरा. पिवळा, पिवळा. काळा, काळा..." मग त्या थांबल्या. "मावशी, तुमची नजर चांगली आहे. या दोन शेपट्यांचे रंग सांगा."

मावशी वाकली. "एक निळी. एक हिरवी."

"काढा ती वही. उघडा."

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं जन्म. मावशीनं पान उलटलं. पहिल्याच ओळीत कुणा म्हाताऱ्याचं मरण होतं. दुसऱ्या ओळीत दुसऱ्याचं. ती भराभर पानं उलटत गेली आणि एका पानावर तिचं बोट गप्पकन थांबलं. ती बोट तिथंच ठेवून खाली बसली.

"अरे देवा," कारकून पुटपुटला. ज्या चोरीची त्यानं वर वर्दी दिली होती, ती चोरी इतके दिवस त्याच्याच फळीवर उभी होती.

"आता नीट ऐक," बाई म्हणाल्या. "बांधणीवाले काका अक्षरावर जात नाहीत, रंगावर जातात. त्या रिवाजात आजवर चूक नव्हती. पण मोतीबिंदू झाला की निळा आणि हिरवा मातकट होऊन एकमेकांत मिसळतात, त्यात खाली तो पिवळा दिवा. लाल चुकला नाही, पिवळा चुकला नाही. निळा-हिरवा चुकला. मृत्यूंचा गठ्ठा जन्मांच्या पुठ्ठ्यात गेला. मला त्यांनी हिरवा म्हणून हा दोरा दिला. आणि मृत्यूंच्या फळीवर तर सगळ्या जोड्या जुळत होत्या, म्हणजे तिथं चूक नव्हती. राहिली ही फळी."

"थांबा," घाईवाला म्हणाला. "मग जन्मांची पानं मृत्यूंच्या पुठ्ठ्यात गेली असतील. ती वही कुठाय?"

"फळीवर चढली नाही, तळघरात राहिली नाही. मधे एकच टेबल लागतं. चला."

सगळे कुलूपकाकांपुढे जाऊन उभे राहिले. काकांनी मावशीनं कडेवर घेतल्यासारखी धरलेली ती वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका," भिंगबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "उशी फार कडक झाली असेल. उठा आता."

काका उठले. उशी बाजूला केली. खाली काळी, जाडजूड वही होती. पाठीवर मृत्यू, ते साल, आणि वरती दोन शेपट्या, एक निळी, एक हिरवी.

"सही आधी केली, उघडून मागनं बघितलं," काका खालमानेनं म्हणाले. "बघितलं तर आत जन्मांची पानं. त्याला वाचता येत नाही हे इतक्या वर्षांत मी कुणाला कळू दिलं नाही. हे बाहेर आलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. पटावरून नाव गेलं की फंड बंद, फंड बंद की डोळे बंद. मला वाटलं, तेवढं ऑपरेशन होऊ दे. त्याला दिसायला लागलं की दोन्ही वह्या गुपचूप त्याच्याकडूनच नीट करून घेईन. पलीकडची किल्ली या पोराकडे. आणि हा तर सगळं संगणकात चढवून तळघर बंद करायलाच टपलेला."

"मी माणसाबद्दल नव्हतो बोलत," खिडकीवाला कारकून घाईघाईनं म्हणाला. "वह्यांबद्दल बोलत होतो."

"आणि मी?" मावशी पुढे झाली. "मी खिडकीत तीन खेपा घातल्या. माझं काय ठरवलं होतंत?"

काकांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, मेलेल्या माणसाचा कागद. चार दिवस इकडे तिकडे. मेलेल्याला कसली घाई."

"मेलेल्याला नाही काका. तिच्या पोरीला आहे. नऊ वर्षांची आहे. उद्या तिला पाठवणार आहेत."

कुलूपकाकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

मावशीनं एक खोल श्वास घेतला. खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. "नशीब म्हणायचं, खाली जन्म होते," ती म्हणाली. "माझ्या बहिणीवर बसला असतात तर सोडलं नसतं तुम्हाला."

आधी घाईवाला हसला. मग सगळेच.

६

पण हसून कागद तयार होत नाही. कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती आणि कारकुनानंच शंका काढली. "पुठ्ठ्यावर जन्म, आत मृत्यू. साहेब सही करतील?"

"नक्कल पानाची निघते, पुठ्ठ्याची नाही," कुलूपकाका म्हणाले. ते आता उभेच होते. "पानाला नंबर आहे, नोंदीला नंबर आहे, खाली त्या वेळच्या निबंधकाची सही आहे. मी साहेबांना सांगतो. काय झालं तेही सांगतो. सगळं."

"आधी नक्कल," भिंगबाई म्हणाल्या. "मग काय ते."

काकांनी नक्कल स्वतः लिहिली. मोत्यासारखं अक्षर. आईचं नाव आलं, बापाचं नाव आलं, तसतशी मावशी शेजारी उभी राहून आपल्या दाखल्याशी एकेक शब्द ताडून बघत गेली. कारकून धावत जाऊन सही घेऊन आला. शिक्का उमटला. घाईवाल्यानं कोर्टाचा अर्ज लिहून दिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "राहू द्या, पैसे नकोत."

मावशीनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बघत राहिली.

"बहिणी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भिंगबाईंनी अहवाल लिहिला. काही झाकलं नाही. वही लपवल्याबद्दल कुलूपकाकांना ठपका लिहिला आणि तो त्यांना वाचून दाखवला. काका म्हणाले, बरोबर आहे. बांधणीवाल्यांच्या चुकीपुढे त्यांनी लिहिलं की ज्या तळघरात एक पिवळा दिवा आहे, जिथून आलेली वही कुणी उघडून बघत नाही, तिथं चूक एका माणसाची नसते. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे व्हावं आणि दोन्ही वह्या त्याच हातांनी पुन्हा बांधाव्यात, अशी शिफारस केली. मुख्य कचेरीत त्या शिफारशीवर बरीच डोकी खाजवली गेली. पण बाई रोज जाऊन विचारत राहिल्या, आणि शेवटी ती मंजूर झाली.

काही महिन्यांनी त्या फेरतपासणीला आल्या तेव्हा तळघरात पांढरा लख्ख दिवा होता. मावशीही तिथंच भेटली. शाळेसाठी आणखी एक नक्कल हवी होती, आणि बरोबर एक काटकुळी पोरगी होती. आईची ओळ मला बघायचीच म्हणून हटून बसली होती. पाठीला पिशवी होती, पण त्यात आता चित्रांच्या वह्या होत्या आणि अर्धवट खाल्लेलं सफरचंद.

"निळा पेला तुमचा," बांधणीवाले काका म्हणाले आणि धड काठाचा पेला भिंगबाईंच्या हातात दिला. कुलूपकाका कोपऱ्यात पाटीवर काहीतरी गिरवून ठेवत होते. दुपारच्या चहाबरोबर आता तळघरात रोज धडा चालायचा.

ती वही पाटावर उघडी होती, पुठ्ठा काढलेली, बांधायच्या तयारीत. बांधणीवाल्या काकांनी पान काढलं. पोरगी बोट फिरवायला गेली तसे ते म्हणाले, "थांब. मी बघतो."

त्यांनी आपलं जाड बोट ओळीखाली धरलं. एक अक्षर झालं. मग दुसरं. मध्ये अडले, मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून जोडलं. कुलूपकाका सांगायला पुढे झाले, तर मावशीनं त्यांच्या दंडाला धरून मागे ओढलं. बराच वेळ गेला. शेवटी काकांनी पूर्ण नाव एका दमात, मोठ्यानं म्हटलं.

"हे माझ्या आईचं नाव," पोरगी म्हणाली.

काका पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर करून भिंतीलगतच्या सगळ्या ढिगाकडे पाहिलं, हातांखालून गेलेल्या कितीतरी वह्यांकडे पाहावं तसं.

"एवढी वर्षं बांधतोय," ते म्हणाले. "आत माणसं होती होय."

"आता नीट बांधा," पोरीनं बजावलं.

"आता बघून बांधतो," काका म्हणाले, आणि त्यांनी निळ्या दोऱ्याचं रीळ खिळ्यावरून काढलं.